पाणथळीवर पक्षी बघायला जाताय? मग आधी पाणी बघा

पाणथळ अभयारण्यात पहिल्यांदा गेलं की बहुतेकांचं एकच होतं, समोर हजारभर पक्षी असतात आणि त्यातला एकही ओळखता येत नाही. जंगलात पक्षी दिसतच नाही म्हणून चिडचिड होते, इथे ढीगभर दिसतायत पण सगळे लांब, सगळे करडे-तपकिरी, आणि शेजारी उभा असलेला जुना जाणता माणूस दुर्बीण डोळ्याला न लावताच सांगतो की त्या कडेला टिलवे आहेत, मधे तलवार बदकं, आणि पलीकडच्या खोल भागात लालसरी असणार बघ. आणि खरंच असतात. आता एवढ्या लांबून त्याला चोच-पाय काही दिसलेले नसतात, त्याने फक्त पाणी कुठे किती खोल आहे त्याचा अंदाज घेतलेला असतो. पाणपक्ष्यांमधे कोण कुठे बसणार हे बऱ्याच अंशी पाण्याच्या खोलीवर ठरतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुस्तकातली शंभर पानं चाळायची गरज उरत नाही, दहा-बारा पानांत काम होतं.

आधी पाणथळ कशाला म्हणायचं ते पटकन बघू. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावात पाणथळी जपण्यासाठी देशोदेशींचा करार झाला, म्हणून २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. त्या करारातली व्याख्या एकदम ऐसपैस आहे. दलदल, तळं, नदीकाठ, खाडी, मिठागर, पाणी साठवलेली शेतं, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, बारमाही असो की चार महिन्यांचं, गोडं पाणी असो की खारं, सगळं आलं, आणि समुद्राच्या बाजूला ओहोटीच्या वेळी सहा मीटर खोलीपर्यंतचा भागही त्यातच. म्हणजे बंधारा घालून अडवलेल्या पाण्याची कडसुद्धा पाणथळच, आणि पक्ष्यांना बंधारा सरकारने बांधला की देवाने याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता मुख्य प्रश्न, एवढे पक्षी इथेच का? खाणं आहे म्हणून. पण खाणं दिसत नाही ना! दिसत नाही कारण ते चिखलात आहे. पाणवनस्पती मरतात, पानं-गवत कुजतं, त्यावर जिवाणू आणि शेवाळ वाढतं, ते खायला किडे-अळ्या, गांडुळासारखे जीव, गोगलगायी, बारीक कोळंबीसारखे प्राणी येतात. चिखलाच्या खालच्या थरात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, तरी तिथे काही अळ्या मजेत राहतात, त्या लालभडक असतात कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन असतं आणि ते मिळेल तेवढा ऑक्सिजन धरून ठेवतं. या अळ्यांमधून पुढे डासासारखे दिसणारे पण न चावणारे किडे बाहेर पडतात, संध्याकाळी पाण्यावर त्यांचे ढग दिसतात. चिखलात तोंड खुपसणाऱ्या पक्ष्यांचा मोठा आधार म्हणजे या अळ्या. लोक ज्याला घाण वास म्हणतात तो याच कुजण्याचा वास, स्वच्छ निळंशार पाणी आणि काँक्रीटच्या कडा असलेल्या तळ्यावर पक्षी कमी दिसतात त्याचं कारणही हेच.

आता खोली. कडेपासून आत जात राहू. अगदी कडेला जिथे पाणी नाही, नुसता ओलसर चिखल आहे, तिथे चिखल्ये. बोटभर पाणी असलं की टिलवे आणि छोट्या तुताऱ्या, यांचे पायच एवढेसे असतात की चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे पोटाला पाणी लागतं. अजून आत, अगदी वीतभर पाण्यापर्यंत, लांब टांगांचे लोक, म्हणजे शेकाट्या, मळगुजा, उचाट्या, हिरव्या पायांची तुतारी. त्यापुढे फूट-दीड फूट पाण्यात पृष्ठभागावर तरंगणारी बदकं, जी फक्त मान बुडवून किंवा शेपूट वर करून अर्धं अंग पाण्यात घालून तळाचं खातात. त्याच्याही पुढे खोल पाण्यात बुड्या मारणारी बदकं, टिबुकल्या, पाणकावळे. हे आकडे काही पट्टी लावून पाळले जात नाहीत, वारकरी नावाचा काळा पाणपक्षी तर सगळीकडेच दिसतो, पण ढोबळ हिशोब पक्का आहे. आणि यातून एक गंमत कळते, लांबच्या पाण्याची खोली आपल्याला काठावरून दिसत नाही पण पक्षी ती दाखवतात. शेकाट्या गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा असेल तर तिथे दहा-बारा सेंटिमीटर पाणी आहे, आणि त्याच्या शेजारी तरंगणारं बदक मान घालून तळ गाठतंय.

एकाच पट्ट्यात चार जाती असल्या तरी भांडण कमी का, तर चोचींमुळे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे, तो नजरेने शिकार करतो, चार पावलं धावतो, थबकतो, बघतो, टिपतो, परत धावतो. धाव-थांब-टिप असं चाललं असेल तर रंग दिसो न दिसो, तो चिखल्याच. तुताऱ्या थांबत नाहीत, त्या चालत राहतात आणि चोच चालूच. टिलवा तर मान खालीच घालून भराभरा टोचत असतो, वर बघायला सवड नाही. मळगुज्याची चोच लांब, सरळ, आणि तो ती मुळापर्यंत चिखलात घालतो, कधीकधी तोंडच बुडतं.

इथे जरा थांबू, कारण मला वाटतं पाणथळीवरची सगळ्यात भारी गोष्ट ही आहे. चिखलात दहा सेंटिमीटर खाली अळी कुठे आहे हे त्याला कसं कळतं? डोळ्यांनी तर दिसत नाहीये. या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला हाडात बारीक खळगे असतात आणि त्या खळग्यांत दाब आणि कंप ओळखणाऱ्या नसांची टोकं ठासून भरलेली असतात. नॉट नावाचा समुद्रकिनाऱ्यावरचा एक पक्षी आहे, त्याच्यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोग केले, तो ओल्या वाळूत पुरलेले शिंपले तर शोधायचाच पण न हलणारे दगडही शोधायचा, आणि वाळू कोरडी केली की मात्र ते जमायचं नाही. म्हणजे चोच ओल्या वाळूत वरखाली केली की पाण्यात दाब तयार होतो, मधे काही कडक वस्तू असेल तर तो दाब बदलतो, आणि चोचीला ते कळतं. पाणी नसेल तर हे तंत्रच बंद. म्हणून चिखल सुकून तडे गेले की हे पक्षी निघून जातात, खाली अळ्या शिल्लक असल्या तरीही. आणि अजून एक, चोच पूर्ण चिखलात रुतलेली असताना ती उघडायची कशी? मळगुजा आणि पाणलावा पूर्ण चोच उघडतच नाहीत, वरच्या भागाचं फक्त टोक वाकवून वर उचलतात, चिमट्यासारखं अळीला धरतात आणि बाहेर काढतात. दुर्बिणीतून पाणलावा खाताना दिसला तर त्याच्या चोचीच्या टोकाकडे नीट बघा, बाकी चोच मिटलेली आणि टोक तेवढं फाकलेलं कधीकधी दिसून जातं. अर्थात पाणलावा आधी दिसला पाहिजे, तो गवताच्या कडेला अंगावरचे पिवळट पट्टे घेऊन असा दबून बसतो की पायाखालून उडेपर्यंत कळत नाही.

चोचींचे बाकीचे प्रकार भराभर सांगते. चमच्या चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीउजवीकडे झुलवत चालतो, आत काही लागलं की चोच मिटते. उचाट्याची चोच टोकाला वर वळलेली, तोही ती बाजूला फिरवत चालतो. शराटीची खाली वळलेली, चिखलात खुपसायला. रोहित म्हणजे फ्लेमिंगो डोकं उलटं करून खातो, म्हणजे त्याची वरची चोच खाली जाते, जिभेने पाणी आत-बाहेर पंप करतो आणि चोचीच्या कडेच्या झालरीत बारीक शेवाळ आणि जीव अडकतात, त्याच्या गुलाबी रंगाचं मूळही याच खाण्यातल्या रंगद्रव्यात आहे. थापट्या बदकाच्या रुंद चोचीलाही अशीच झालर असते, आणि कधी चार-सहा थापटे एकामागे एक गोल गोल फिरताना दिसले तर ते खेळत नाहीयेत, पाणी घुसळून खालचं खाणं वर आणतायत. मुग्धबलाक म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, त्याच्या चोचीत मधे फट असते, तो गोगलगायी खातो, आणि ही फट पिल्लांना नसते, वाढताना येते. त्यामुळे करकोच्याची चोच नीट मिटतेय म्हणून "हा मुग्धबलाक नाही" असं ठरवायची घाई नको.

बदकांचं जरा सविस्तर बघायला हवं कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. दोन गट करा. एक वरवर खाणारी: चक्रांग, भिवई, गडवाल, थापट्या, तलवार. दुसरी बुडी मारणारी: लालसरी, शेंडी बदक. बुडी मारणाऱ्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, पोहायला ते उत्तम पण जमिनीवर चालणं बेंगरूळ, आणि उडताना त्यांना पाण्यावर धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. वरवर खाणारी बदकं मात्र जागच्या जागी सरळ वर उसळतात. म्हणजे थवा उडाला तरी वाईट वाटून घेऊ नका, कसा उडाला ते बघा, अर्धी ओळख तिथेच झाली. वारकरीही पाण्यावर पाय आपटत धावतच उडतो पण तो बदकच नाही, तो पाणकोंबडीच्या घरातला. पहिल्या गटातही खोलीची वाटणी आहेच, चक्रांग छोटं म्हणून उथळ कडेला, तलवार बदकाची मान सगळ्यात लांब म्हणून ते बाकीच्यांपेक्षा खोल पाण्यात शेपूट वर करून उभं राहतं.

आता एक गोष्ट पुस्तकात चित्रं बघून गेलेल्यांचा हमखास घात करते. हिवाळी हंगामाच्या सुरुवातीला आलेल्या थव्यात सुंदर रंगाचे नर सापडतच नाहीत, सगळ्या माद्या वाटतात. बऱ्याच जातींचे नर वीण संपली की भडक पिसं टाकून मादीसारखी मळकट पिसं घालतात आणि त्याच काळात पंखांची मोठी पिसं सगळी एकदम गळतात, तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. मग अशा वेळी रंगीबेरंगी राहणं म्हणजे जिवावर बेतणं. नवी रंगीत पिसं नंतर हळूहळू येतात, म्हणून बदकं शिकायला हंगामाचा मध्य चांगला, सुरुवात नाही. सुरुवातीला चोचीचा आकार आणि पंखावरचा चमकदार पट्टा बघा, हा पट्टा मळकट पिसांतही टिकतो.

मासे खाणाऱ्यांचा वेगळा खेळ. पांढरे बगळे सगळे सारखे वाटतात, पण छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी, मोज्यांची जोडी चुकल्यागत. ती पिवळी बोटं तो पाण्यात थरथरवतो, तळाचा गाळ ढवळतो, घाबरून मासा हलला की टिपला. मोठा आणि मध्यम बगळा वेगळा करायला आकार फसवतो कारण शेजारी दुसरा नसेल तर मोठं कशावरून ठरवणार, तिथे तोंडाची फट बघायची, मोठ्या बगळ्याची फट डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यमची डोळ्याखालीच संपते. आणि पाण्यात मासा दिसतो तिथे तो नसतो, प्रकाश वाकतो ना, शाळेत शिकलेलंच. बगळे हा फरक धरून चोच मारतात, यावर प्रयोग झालेत. पाणकावळा खोल बुड्या मारतो, त्याची पिसं थोडी भिजतात, त्यामुळे तरंगण्याची ओढ कमी होऊन बुडी सोपी जाते पण बाहेर आल्यावर पंख पसरून वाळवत बसावं लागतं. तिरंदाज नावाच्या पक्ष्याचंही तेच, तो पोहताना नुसती मान पाण्याबाहेर दिसते, मासा चोचीने भोसकतो आणि मग हवेत उडवून तोंडात घेतो. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि खाली सूर मारतो. कैकर हा मासेखाऊ शिकारी पक्षी मात्र पाय पुढे करून पाण्यावर आदळतो.

पाण्यात उगवलेलं गवत, पाणकणीस, कमळं हा अजून एक वेगळा भाग, इथे जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, जांभळा बगळा. कमळपक्ष्याची बोटं एवढी लांब की वजन पसरतं आणि तो पानांवरून चालतो, आणि त्यांच्यात अंडी उबवायचं, पिल्लं सांभाळायचं काम नर करतो, मादी एका हंगामात वेगवेगळ्या नरांसाठी अंडी घालते. गवताचा हा पट्टा हलला नाही तर कंटाळून पुढे जाऊ नका, त्याच्या कडेवर नजर ठेवून बसलं की दहा-पंधरा मिनिटांत काहीतरी बाहेर येतंच.

आता मूळ मुद्द्याचा दुसरा अर्धा भाग, पाणी एका जागी थांबत नाही. तुडुंब भरलेल्या तळ्यावर तुताऱ्या शोधायला गेलात तर हात हलवत परत याल, कारण चिखल सगळा पाण्याखाली. पाणी ओसरायला लागलं की रोज नवी ओली पट्टी उघडी पडते, तीत ताजं खाणं असतं, आणि तुताऱ्या-चिखल्ये त्या सरकणाऱ्या कडेबरोबर सरकत राहतात. अजून ओसरलं की मासे डबक्यांत कोंडले जातात, मग बगळे-करकोच्यांची जत्रा, दोन दिवसांत डबकं साफ. बऱ्याच राखीव पाणथळींवर झडपा-दरवाजे लावून मुद्दाम पाणी हळूहळू उतरवतात ते याचसाठी, लोकांना वाटतं तळं आटवलं. खाडीवर हेच दिवसातून दोनदा होतं. ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगलेले, ठिपक्याएवढे, आणि भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत काठाजवळ आणतं, म्हणून खाडीवर जायचं तर भरतीच्या दोनेक तास आधी पोचायचं. भरतीचं वेळापत्रक न बघता खाडीवर जाणं म्हणजे फक्त फिरून येणं.

आणि नुसतं पाणी राखून चालत नाही हे राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाने शिकवलं. तिथे १९८२ मधे म्हशी-गुरांची चराई बंद केली, हेतू चांगलाच होता, पण चरणारी जनावरं गेल्यावर पाण्यातलं पॅस्पॅलम नावाचं गवत बेफाम वाढलं, उघडं पाणी झाकलं गेलं, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासात दिसलं की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. चराई सगळीकडे चांगली असा याचा अर्थ नाही, ती जास्त झाली तर काठ उजाड होतात. पण पाणथळ "हात न लावता" सोडली की आपोआप छान राहते हा समज काढून टाकायला हवा, ती भरत जाते, गवत होते, शेवटी जमीन होते.

पाणी बिघडलं की काय होतं त्याचंही एक उदाहरण. २०१९ मधे राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले, तपासणीत कारण निघालं बॉट्युलिझम. बॉट्युलिझमचा जिवाणू चिखलात असतोच, पण ऊन, कमी ऑक्सिजन आणि कुजणारं मांस मिळालं की तो विष तयार करतो. पक्षी मेला की त्याच्यावर अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, अळ्यांना काही होत नाही पण त्या खाणारा पुढचा पक्षी मरतो, आणि चक्र सुरू. लक्षण म्हणजे मान टाकणं, पंख लुळे पडणं. असं दोन-चार पक्ष्यांत दिसलं तर हात लावू नका आणि वनखात्याला तेव्हाच कळवा, कारण मेलेले पक्षी लवकर उचलले तर चक्र तुटतं.

बघायचं कसं, हे थोडक्यात. सूर्य पाठीशी घ्या, समोर असला तर सगळे पक्षी काळे दिसतात. उन्हं तापली की पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महाग भिंग असलं तरी चित्र पाझरतं, म्हणून सकाळ. वारा जोरात असेल तर पक्षी आडोशाच्या काठाला मिळतात आणि बहुतेक सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले असतात, तुम्हाला चेहरे बघायचे की शेपट्या ते त्यावरून ठरवा. दुपारी बदकं झोपलेली दिसली तर आजारी नाहीत, बऱ्याच ठिकाणी ती रात्री खातात आणि दिवसा झोपतात.

दुर्बिणीवर ८ बाय ४२ असं लिहिलेलं असतं, त्यात ८ म्हणजे आठपट मोठं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधे. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतं, तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाश डोळ्यात शिरतो, हा आकडा मोठा तितकं पहाटे-संध्याकाळी उजळ दिसतं. बारापट घेतली की पक्षी मोठा दिसतो पण हाताची थरथरही बारापट. पाणथळीवर लांबचं बघायचं म्हणून लोक सरसकट जास्त पटीची दुर्बीण घेतात, माझं मत विचाराल तर आठपटच घ्या आणि लांबचं बघायला तिपाईवरची मोठी दुर्बीण कुणाकडे असेल त्याच्याशी मैत्री करा.

पक्षी बघायला बांधलेल्या लपणकक्षात बसला असाल तर फटीतून हात आणि कॅमेरा बाहेर काढू नका, पक्ष्यांना भिंत चालते, हलणारा हात चालत नाही. बाहेर चालत असाल तर बांधावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं राहणं टाळा. पक्षी उडण्याआधी सांगतो, आधी खाणं थांबतं, मान ताठ होते, मग तो चालत किंवा पोहत लांब सरकतो, त्यानंतर उडतो. मान वर झाली तिथेच थांबायचं. एक फोटोसाठी थवा उठवणारे लोक बघितले की डोकं फिरतं, कारण त्या पक्ष्याने कुठून काय खर्चून प्रवास केलाय याचा त्यांना पत्ता नसतो. पट्टेरी शेपटीच्या मळगुज्याचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, २०२२ मधे अलास्काहून निघालं आणि ११ दिवस कुठेही न उतरता तास्मानियाला पोचलं, १३,५६० किलोमीटर, अंगावर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. अशा उड्डाणाआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि पोटातली पचनाची इंद्रियंसुद्धा आक्रसून घेतात, नको ते वजन कशाला. मधल्या मुक्कामावर दिवसभर खाऊन जे साठवायचं ते पाच वेळा उठवल्यावर उडण्यातच जातं.

आणि थवा तुमच्यामुळे नाही तर आपोआप एकदम उठला तर खाली बघू नका, वर बघा. गवतावरून खालून तरंगत येणारा, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेला पक्षी असेल तर तो दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी. पूर्ण थव्यात घबराट आणि वेगाने खाली येणारं काहीतरी असेल तर बहिरी ससाणा.

शेवटी मोजणी, कारण त्याचा उपयोग होतो. रामसर कराराच्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत जागा येण्याचा एक निकष म्हणजे तिथे नियमित २०,००० पाणपक्षी असणं, दुसरा म्हणजे एखाद्या जातीच्या एकूण संख्येतले निदान एक टक्का तिथे असणं, आणि हे आकडे कुणीतरी काठावर बसून मोजल्याशिवाय येत नाहीत. आशियात ही पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, दहा किती जागा घेतात ते नजरेत धरा, मग तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर टाकत जा, खूप मोठा असेल तर दहाऐवजी शंभराचा तुकडा. माणूस मोठ्या थव्यात बहुतेक वेळा कमीच मोजतो, म्हणून फोटो काढून घरी मोजून बघा, आपली चूक किती टक्क्यांची आहे ते कळतं. आणि कुठल्या पक्ष्याच्या पायात कडी किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली, ही पद्धत १८९९ मधे डेन्मार्कच्या एका शिक्षकाने नीट सुरू केली, तर पट्टी डाव्या पायात की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, दोन रंग असतील तर वर कोणता आणि खाली कोणता, त्यावर अक्षरं-आकडे काय, एवढं लिहून घ्या आणि जमलं तर फोटो. रंगांची जोडी कुठल्या देशात पट्टी घातली ते सांगते आणि अक्षरांवरून तो एक पक्षी नेमका ओळखता येतो. पक्षी-कड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला हे कळवलं की उत्तर येतं, कधी घातली, कुठे घातली, तेव्हा तो पिल्लू होता की मोठा.